तिसरी रांग, चौदा नंबर

१

गुरुवारी सकाळी योम मी-रान यांच्या टेबलावर जी तक्रार येऊन पडली, तिच्यात ना खून होता ना दरोडा. होती फक्त बावीस तिकिटं. तरी ती वाचता वाचता योमबाईंची कॉफी गार झाली.

कोरियातल्या गुनसानच्या पोलीस ठाण्यात संगणकावरच्या गुन्ह्यांचा तपास त्यांच्याकडे होता. वय एक्कावन्न, गुडघे दुखरे, आणि आवाज असा की चोरालाही वाटावं, ही बाई आता आपल्याला ‘जेवलास का’ विचारणार. बहुतेक वेळा त्या विचारायच्याच.

तक्रार तिकीट विकणाऱ्या कंपनीची होती. कंपनीचे अधिकारी मोक फोनवर तावातावाने बोलत होते.

“सरळ केस आहे, मॅडम. तान दो-युलचा रविवारचा गाण्याचा कार्यक्रम. आठला बुकिंग उघडलं आणि तुमच्या गावातल्या एकाच पीसी-बांगमधून, त्या भाड्याच्या संगणकांच्या दुकानातून, बावीस तिकिटं गेली. पैसे भरायचं शेवटचं बटण बघा. पहिलं तिकीट आठ वाजून दोन मिनिटं सहा सेकंदांनी. उरलेली एकवीस सातव्या सेकंदाला. सगळीच्या सगळी! माणसांची बोटं अशी चालतात का? हुकूम सोडणारं एक, पाळणारी एकवीस. मॅक्रो आहे हा, दुसरं काय!”

मॅक्रो म्हणजे माणसाऐवजी स्वतःच धडाधड बटणं दाबून तिकिटं ओरबाडणारं सॉफ्टवेअर. त्याच्या जोरावर काळाबाजारवाले तिकिटं गिळायचे आणि खऱ्या चाहत्यांच्या तोंडाला पानं पुसायचे. म्हणून तर नवा कायदा आला होता. मॅक्रोने घेतलेलं तिकीट चढ्या भावाने विकलं तर एक वर्ष कैद, नाहीतर जबर दंड.

“आणि विक्री कुठाय?” योमबाईंनी विचारलं.

“आहे ना. खालचा मजला, तिसरी रांग, चौदा नंबर. दीड लाख वॉनचं तिकीट जुन्यापान्या वस्तूंच्या ॲपवर चढवलंय. किंमत ऐका. नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव! हावरटपणाला काही सीमा? आम्ही जाहिरात ताबडतोब काढायला लावली. वरच्या भागाचा फोटो तेवढा धाडलाय.”

योमबाईंनी फोटो उघडला. फोनवरच्या तिकिटाचा पडदा काळाकुट्ट, त्यावर पांढरी अक्षरं, आणि तीही एवढाली की ‘रांग ३, जागा १४’ एवढ्यातच सगळा पडदा भरून गेला होता.

“असं का दिसतंय हे?”

“लपवाछपवी. आमच्या नजरेत येऊ नये म्हणून. उद्या, शुक्रवारी पाचला आम्ही बावीसच्या बावीस रद्द करतोय. ॲपवाल्यांकडून विकणाऱ्याचं नाव यायला दहा दिवस लागतील, पण त्याची गरजच काय? चौदा नंबर कुणाच्या नावावर आहे ते आम्हालाच माहीत आहे. कोणी जू सोंग-ते म्हणून आहे.”

योमबाईंनी चष्मा काढून ठेवला. पाच वर्षांपूर्वी मॅक्रो बनवून विकणाऱ्या एका हुशार पोराला त्यांनी स्वतः पकडलं होतं. दंड भरून तो दाराबाहेर पडला तेव्हा ‘हीच अक्कल म्हाताऱ्या माणसांना शिकवायला वापर’ असं सांगून ज्येष्ठांच्या केंद्रात त्याला चिकटवलंही त्यांनीच होतं. त्या पोराचं नाव जू सोंग-ते होतं.

२

बान योंग-दोकच्या पीसी-बांगच्या दारावर योमबाईंचंच पत्रक चिकटवलेलं होतं: ‘फोनवर कोणी पोलीस आहे असं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. फोन ठेवून द्या.’ खाली त्यांची सही. आत पोरं कानाला हेडफोन लावून संगणकावर लढाया लढत होती.

“मॅक्रो?” बान कपाळाला हात लावून म्हणाला. “बाई, त्या बावीसजणींना उंदीर धरायला शिकवता शिकवता आमच्या मास्तरचे केस पांढरे झाले. संगणकाचा उंदीर हो! दोन आठवडे रोज दुपारी सराव. उशा घेऊन यायच्या, सुकी माकुळं चघळायच्या. माझं अख्खं दुकान मासळीबाजारासारखं घमघमायला लागलं. आमची गिऱ्हाईकं पळाली ना!”

“मग येऊ कशाला दिलंत?”

बान जरा ओशाळला. “त्यात आमची आई पण आहे.”

बावीसजणी म्हणजे ज्येष्ठांच्या केंद्रातल्या, जू सोंग-ते मास्तरच्या मोबाइलच्या वर्गातल्या बायका. सगळ्यांत लहान सदुसष्टची, सगळ्यांत थोरली चौऱ्याऐंशीची. तान दो-युलवर त्यांचा असा जीव की पोटच्या पोरांनी हेवा करावा. एरवी तिकिटं मुलांनी काढून द्यायची, पण मुलं दूर सोल शहरात, त्यांना वेळ नाही. तेव्हा म्हाताऱ्यांनी ठरवलं, आपलं आपण काढू.

“बुकिंगच्या वेळी तुम्ही होतात?”

“होतो तर. आधी नुसती टकटक, टकटक. शिव्याही चालल्या होत्या. मग एकदम शांतता. मला वाटलं, इंटरनेट गेलं. बघायला आलो तर सगळ्या जागच्या जागी, हात उंदरावर, श्वास रोखून. मग एकच मोठा ‘टक्क’, आणि मग जो काही आरडाओरडा झाला म्हणता!”

योमबाईंनी ‘शांतता’ हा शब्द वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. मॅक्रो वापरणारा माणूस कशाला श्वास रोखून बसेल, हे काही त्यांना कळेना.

उठता उठता त्यांची नजर कोपऱ्यात रचलेल्या जुन्या खुर्च्यांवर गेली. वर कागद होता: ‘ॲपवर पाहा. ९९,९९,९९९ वॉन.’

“बानसाहेब, या मोडक्या खुर्च्या एवढ्याला?”

“छे हो! विकायच्या नाहीत, बदल्यात पंखे हवेत. पण त्या ॲपवर किमतीच्या खोक्यात काहीतरी भरल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. म्हणून लोक सगळे नऊ ठोकतात. बघणाऱ्याला कळतं, अदलाबदल आहे.”

योमबाई काही बोलणार तोच दार उघडलं. आत आलेल्या तरुणाच्या हातात वर्गाच्या वह्या होत्या आणि चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता.

“मॅडम,” जू सोंग-ते म्हणाला, “कंपनीची नोटीस मिळाली. ते तिकीट विकायला मीच काढलं. मला घेऊन चला.”

३

ठाण्यात योमबाईंनी त्याच्यापुढे भाताचे मुटके ठेवले. त्याने हात लावला नाही.

“मॅक्रो नव्हता, मॅडम. शपथेवर सांगतो. पण ते तिकीट मी चढवलं. मला काय करायचं ते करा. त्यांची तिकिटं तेवढी राहू द्या.”

“कायदा दोन पायांवर उभा आहे, सोंग-ते. मॅक्रोने घेतलं पाहिजे आणि चढ्या भावाने विकलं पाहिजे. एक पाय तू स्वतःहून माझ्या हातात देतोयस. दुसरा कंपनी देतेय. मग बावीसजणी वाचतात कशा?”

त्याने वर्गाच्या वह्या उगाच सरळ केल्या.

“बरं. कितीला चढवलंस?”

“पाच लाखाला.”

“खाली काय लिहिलं होतंस?”

“तेच... चांगली जागा आहे, गायक जवळून दिसेल असं.”

योमबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. पाच वर्षांपूर्वी याच टेबलावर याने खोटं बोलून बोलून त्यांच्या नाकी नऊ आणले होते. तेव्हा तो बरा खोटं बोलायचा. आताचा खोटेपणा पहिलीतल्या मुलासारखा होता, आणि त्याचा त्यांना मनातून आनंदच झाला.

“तू ती जाहिरात पाहिलेलीसुद्धा नाहीस,” त्या म्हणाल्या. “तुझ्या नावावरच्या जागेवर बसणार कोण होतं?”

“मी.”

“तान दो-युलची गाणी तुला आवडतात?”

“खूप.”

“एखादं म्हण.”

जू सोंग-तेने मान खाली घातली. मुटका मात्र उचलला. तो गेल्यावर योमबाई बराच वेळ वहीकडे बघत बसल्या. हा कुणालातरी पाठीशी घालत होता. उद्या पाचला तिकिटं रद्द झाली की बावीसजणींच्या दोन आठवड्यांच्या कष्टाचं पाणी होणार होतं, आणि पोराच्या माथी दुसरा डाग बसणार होता. तिकिटं वाचवायची तर ‘टक्क’चं उत्तर हवं होतं, पोराला वाचवायचं तर चौदा नंबरचं. हातात एकही नव्हतं.

४

शुक्रवारी दुपारी एकला बंदराजवळच्या नूडल्सच्या दुकानात वर्गाचं जेवण असतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. योमबाई पोचल्या तेव्हा बायका लांब टेबलाभोवती बसलेल्या होत्या आणि बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती.

“ही बघा आली, मास्तरला धरणारी!” मलजा कडाडली. ही अडुसष्टची, वर्गाची मॉनिटर. जन्म मासळीच्या लिलावात गेलेला, आवाज अजून तिथलाच. “पोरी, आम्ही यंत्र आहोत होय? माझ्या गुडघ्यात आहे ते एकच यंत्र, तेही डॉक्टरने बसवलेलं!”

“म्हणूनच आले, मलजामावशी. जेवू तरी द्याल की नाही?”

“बस. उपाशी पोलीस आणखी वाईट.”

वाफाळते बाऊल आले. शिंपले, कोळंबी, लालभडक रस्सा. योमबाईंना कडकडून भूक लागली होती. त्यांनी चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला, कारण टेबलावर कोणीच चमच्याला हात लावला नव्हता. टेबलाच्या टोकाला मेंग ओक-बुन आजी बसत होती, वय चौऱ्याऐंशी. मलजाने तिला खुर्चीत नीट बसवलं. आजीचा हात टेबलावर चाचपडत गेला, आंबवलेल्या कोबीच्या, किमचीच्या वाटीला लागला, मग चमच्याला. मलजा कानाशी काही पुटपुटली. आजीने रश्श्याचा पहिला घोट घेतला.

आणि एकवीस चमचे एकदम बाऊलवर वाजले. टक्क!

योमबाईंना बानने सांगितलेलं ‘टक्क’ आठवलं. लहानपणापासून रोज जेवताना घरोघरी घडणारी गोष्ट, थोरल्याने चमचा उचलल्याशिवाय धाकट्यांनी उचलायचा नाही. रोजचीच, म्हणून तर कुणाच्या ध्यानातही आली नव्हती.

“मावशी,” त्यांनी हळूच विचारलं, “बुकिंगच्या दिवशी शेवटचं बटण आधी कोणी दाबलं?”

“कोणी म्हणजे? ताईने,” मलजा तोंडात नूडल्स असतानाच म्हणाली. “ओक-बुन ताई असताना आम्ही आधी दाबू? आमचे काय संस्कार बिघडलेत? मास्तरने सांगितलं होतं, निवडलेली जागा पडद्यावर एकदा रंगली की आठ मिनिटं ती तुमचीच. मग घाई कशाला? ताईला जरा वेळ लागला, ती वेडीवाकडी अक्षरं भरताना. आपण यंत्र नाही हे सिद्ध करायची ती. आम्ही थांबलो. तिने दाबलं, मग आम्ही दाबलं.”

योमबाई उठून दाराबाहेर गेल्या आणि मोकांना फोन लावला. “तुम्ही मला शेवटच्या बटणाची वेळ दिलीत. जागा कधी धरली आणि ती अक्षरं कधी भरली, तेही धाडा. आत्ता.”

आत येऊन त्या पुन्हा मलजाशेजारी टेकल्या. “आजींची जागा कुठली हो?”

“ताईची? सगळ्यांत पुढची. बुकिंगला फोन स्वतःच्या नावावर लागतो; तिचा नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणून मास्तरने स्वतःच्या नावावर धरून तिच्या फोनवर टाकून दिली. तिसरी रांग, चौदा नंबर. आम्ही आधीच ठरवलं होतं, सगळ्यांत जवळची थोरलीला.”

“आणि तुम्ही?”

“मी मेली वरच्या मजल्यावर, नऊ नंबरच्या भागात, शेवटच्या रांगेत पहिली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कोण परका बसतोय देव जाणे. एरवी कुठेही गेलं तरी आम्ही दोघी शेजारी असतो. मी बडबडते, ती ऐकते.”

टेबलाच्या टोकाला ओक-बुन आजीने फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला होता. काळाकुट्ट पडदा, त्यावर पांढरी, एवढाली अक्षरं. चौदा नंबरची जाहिरात देणारी योमबाईंना सापडली होती, आणि ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती.

५

मोकांचा कागद तीनला आला. योमबाईंनी फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि आवाज मोठा केला, म्हणजे मोकही ऐकतील आणि बायकाही.

“मोकसाहेब, तुमचाच कागद वाचते. कोणी ती अक्षरं नऊ सेकंदांत भरली, कोणी वीस, कोणी चाळीस. एकीने चारदा चुकवली.”

“ती मी,” बानची आई म्हणाली.

“जिचं नऊ सेकंदांत झालं, ती पुढे जवळजवळ दीड मिनिट नुसती बसून राहिली. मॅक्रो असा थांबतो? त्याचा जन्मच मुळी दुसऱ्याच्या आधी हिसकावण्यासाठी. आणि सगळ्यात शेवटी अक्षरं भरून झाली कुणाची? चौदा नंबरची. तरी पैसे भरायचं बटण सगळ्यात आधी दाबलं गेलं तेही तिथेच, आणि पुढच्या सेकंदाला एकवीस. सगळ्यांत मागची सगळ्यांत पुढे कशी गेली? कारण बाकीच्या तिच्यासाठी थांबल्या होत्या. तुम्ही म्हणालात, हुकूम सोडणारं एक, पाळणारी एकवीस. मोकसाहेब, तुमच्या घरी पहिला घास कोण घेतं?”

“आजोबा,” मोक म्हणाले. मग सावरून, “पण मॅडम, विक्री? ती किंमत?”

योमबाई ओक-बुन आजीकडे झुकल्या. “आजी, बाहेर जाऊन बोलायचं का?”

“कशाला?” आजी म्हणाली. “मास्तर माझ्यापायी तुरुंगात जायला निघाला, आणि मी बाहेर जाऊन कुजबुजू? ती जाहिरात माझी आहे. वाच सगळ्यांना.”

एव्हाना दारात येऊन उभा राहिलेला जू सोंग-ते धावत पुढे आला. “आजी, तुम्ही गप्प बसा! मॅडम, त्यांनी मला विचारलं होतं, तिकीट ॲपवर कसं चढवतात म्हणून. पैशांची अडचण असेल, औषधांना लागत असतील...”

“पैसे?” आजी चिडली. “मी भीक मागितली का रे कधी तुझ्याकडे?”

तिने फोन योमबाईंच्या हातात दिला. ॲपवरून काढलेली जाहिरात तिच्या फोनमध्ये अजून होती, खालचा भागही होता. फोनला बोलून लिहिलेली. योमबाईंनी वाचली:

“‘विकायचं नाही. तिसऱ्या रांगेतली चांगली जागा देते. बदल्यात वरचा मजला, भाग नऊ, शेवटची रांग, दोन नंबर हवा. ज्याच्याकडे असेल त्याने कळवावं.’”

“सिंहासन देऊन पाट कोण मागतं?” एकजण पुटपुटली.

“शेवटच्या रांगेत एक नंबरवर कोण आहे, ते विचारा,” योमबाई म्हणाल्या.

मलजाचा चमचा हातातून पडला. “ताई?”

“डोळे गेले गं माझे,” ओक-बुन आजी म्हणाली. तिने ते हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. “मधोमध नुसतं धुकं आहे. कडेचं थोडं दिसतं. वर्षभर लपवलं. तुम्ही सगळ्या माझ्यासाठी थांबलात, सगळ्यांत जवळची जागा मला दिलीत. कोणत्या तोंडाने सांगू, की तिसऱ्या रांगेतूनही धुकं आणि शेवटच्या रांगेतूनही धुकंच? पण मलजाशेजारी बसलं की मला दिसतं. ती सांगते ना.”

मलजाने तोंड पदरात लपवावं तसं स्कार्फमध्ये लपवलं आणि मग एकदम उसळली.

“वर्षभर! वर्षभर मी हिला विचारतेय, मासा निवडताना चुकतेस कशी! मला सांगायला काय जीभ झडली होती? जन्मभर शिव्या घालीन मी तुला, ताई. शेजारी बसून घालीन!”

“मोकसाहेब,” योमबाईंनी फोनकडे तोंड वळवलं, “ती जाहिरात पकडताना तुमच्याकडे खालच्या तीन ओळी कोणी वाचल्या?”

“वाचायचा प्रश्न नसतो,” मोक चाचरत म्हणाले. “आमचं सॉफ्टवेअर किंमत बघून आपोआप...”

“आणि त्या एका सेकंदावरून बावीसजणींना कोणी धरलं?”

“तेही... आपोआप.”

“म्हणजे या प्रकरणात माणसाशिवाय चाललेलं सॉफ्टवेअर एकच निघालं,” योमबाई शांतपणे म्हणाल्या. “ते तुमचं.”

चार वाजून चाळीस मिनिटांनी रद्द करायचा आदेश मागे घेतल्याचं पत्र आलं. मोकांनी आणखी एक केलं, आणि त्याबद्दल योमबाईंनी त्यांना मनोमन माफ केलं. वरच्या मजल्यावरच्या दोन नंबरवाल्याला त्यांनी निरोप धाडला की एका आजींना जागा बदलून हवी आहे, आणि त्याची परवानगी घेऊन त्याचा फोन नंबर योमबाईंना कळवला. तो जहाजावरचा एक खलाशी होता, बायकोने हट्टाने एकच तिकीट काढून दिलं म्हणून एकटाच जाणारा.

“नमस्कार, मी गुनसान पोलीस,” योमबाईंनी सुरुवात केली. “तुमच्या शेवटच्या रांगेतल्या तिकिटाच्या बदल्यात तुम्हाला तिसरी रांग...”

फोन आपटला गेला. दुसऱ्यांदा लावला, पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा पलीकडून आवाज आला, “गावभर पत्रकं लागलीत, पोलीस म्हणून फोन आला की ठेवून द्या! मला काय खुळा समजलात?”

“ती पत्रकं माझीच आहेत हो!” योमबाई कळवळून म्हणाल्या, पण तोवर फोन बंद झाला होता. सगळं दुकान हसून लोळलं. शेवटी मलजाने फोन हिसकावला आणि लिलावाच्या आवाजात असं काही सुनावलं की खलाशाने जागा तर दिलीच, वर रविवारी म्हातारीला जिन्यावरून हात धरून नेईन असंही कबूल केलं.

दुकानाच्या मालकिणीने नवे बाऊल आणले. आधीचे गारठून गेले होते. जू सोंग-ते पहिल्यांदाच बायकांच्या रांगेत बसला, योमबाईंच्या शेजारी.

“जेवलास का?” त्यांनी विचारलं.

“नाही, मॅडम.”

“मग जेव. आणि पुन्हा माझ्यासमोर खोटं बोलायचं असेल तर आधी जाहिरात तरी वाचून ये.”

टेबलाच्या टोकाला मलजा ओक-बुन आजीला खेटून बसली होती. चमचे जागच्या जागी होते.

“बोल की,” आजी म्हणाली. “रविवारी बोलणार आहेस, आज काय झालं? समोर काय चाललंय?”

मलजाने डोळे पुसले, घसा खाकरला आणि सांगायला लागली. “समोर मास्तर बसलाय. कान लाल झालेत त्याचे. पोलीसबाईच्या बाऊलमध्ये आपल्यातले शिंपले टाकतोय. ती नको नको म्हणतेय आणि बाऊल पुढे करतेय. केस विंचरलेले नाहीत बाईचे. आणि डोळ्यांना पाणी आलंय. मिरचीच्या वाफेमुळे आलं असं दाखवायला उगाच नाक पुसतेय.”

ओक-बुन आजीने चेहरा तिकडे वळवला. जिथे धुकं होतं, तिथे नीट निरखून पाहिलं.

“दिसलं,” ती म्हणाली, आणि चमचा उचलला.